लॉफ्ट ठरवण्याआधी चेंडू फेसवर कुठे लागतो ते पाहावे

गोल्फमध्ये लांब फटक्यासाठी वापरायच्या ड्रायव्हर या क्लबचा (काठीचा) लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या त्याच्या पृष्ठभागाचा (फेसचा) मागे कललेला कोन, किती असावा या चर्चेत एक ठोकताळा मांडला गेला आहे: स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवण्याचा, वेग ताशी 95 मैलांच्या खाली असेल तर साडेदहा अंशांचा ड्रायव्हर घ्यावा आणि वर असेल तर नऊचा. तो सुरुवातीपुरता ठीक आहे. परंतु केवळ वेगावरून लॉफ्ट ठरवणे मला पटत नाही. वेग सारखाच असलेल्या दोन खेळाडूंपैकी एकाचा क्लब चेंडूवर 3 अंश वर जात आणि दुसऱ्याचा 3 अंश खाली येत आदळत असेल, तर दोघांना एकच लॉफ्ट मानवणार नाही.

याखेरीज एक बाब या चर्चेत कुणी मांडलेली दिसली नाही. ड्रायव्हरचा फेस सपाट नसून वरपासून खालपर्यंत किंचित फुगीर असतो, त्यामुळे मध्याच्या वर लागलेल्या चेंडूला क्लबवरील छापील आकड्यापेक्षा अधिक लॉफ्ट मिळतो आणि त्याची उलटी फिरकीही घटते. मध्याच्या खाली लागला की चेंडू बुटका निघतो आणि फिरकी वाढून अंतर वाया जाते. माझे एक सहखेळाडू चेंडू वर जात नाही म्हणून बारा अंशांचा ड्रायव्हर घ्यायला निघाले होते. आम्ही रेंजवर (सरावाच्या मैदानावर) फेसवर पायाच्या पावडरचा पातळ फवारा मारला, तेव्हा पांढऱ्या थरावरचे जवळजवळ सगळे गोल ठसे खालच्या कडेला दाटलेले आढळले. टी (चेंडू ठेवायची खुंटी) थोडी उंच ठेवून चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत घेतल्यावर ठसे मध्याच्या वर सरकले, आणि त्यांच्या जुन्या साडेदहा अंशांच्या ड्रायव्हरनेच चेंडू हवी तेवढी उंची गाठू लागला.