बीपीचा तक्ता भरला म्हणजे नर्सिंग चांगलं?

नौपाडाकर : 'कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत घरी सिस्टर ठेवली, तर बीपी-पल्स लिहिते का ते बघा,' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. त्या आठवड्यात बीपी उतरणारच! विचारायचं ते हे : दुखणं दहापैकी किती, रात्री झोप लागली का, पोट कधी साफ झालं? मॉर्फिन हे तीव्र दुखण्यावरचं औषध; साधी, म्हणजे लगेच उतरणारी गोळी दर ४ तासांनी द्यावी लागते. 'दुखलं तरच' ठेवली की पेशंट पहाटे कण्हत उठतो. मधेच कळ आली तर दिवसभराच्या डोसचा सहावा भाग जादा, म्हणजे ६० मिलिग्रॅमला १०. मॉर्फिनने पोट बांधतं, म्हणून पोट साफ करणारी गोळी पहिल्या दिवसापासून. पोट तुंबून तळमळ होते आणि घरचे म्हणतात, कॅन्सर वाढला.

खारघर_से१२ : लिहिणं सोपं आहे. २०१४ला अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सैल झाला, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मॉर्फिन मिळत नाही. आणि सलाईनचं काय? माणसाला पाण्यावाचून ठेवायचं?

नौपाडाकर : पाण्यावाचून कोण ठेवतंय? शरीर बंद होत असताना रोज लिटरभर सलाईन चढवलं की पाय सुजतात, घशातली घरघर वाढते. तहान तोंडाच्या कोरडेपणाची असते. ओला स्पंज तासातासाला फिरवा, ओठांना व्हॅसलीन लावा.

खारघर_से१२ : सरसकट बोलू नका! उलट्यांनी सुकलेल्या पेशंटला कातडीखालून सावकाश सलाईन दिलं तर आराम पडतो.

वाशीची_सिस्टर : दोघंही लघवी विसरलात. ती कमी झाली की मॉर्फिनचे अवशेष अंगात साठतात; हातपाय झटके देतात, पेशंट भलतंच बोलतो. तेव्हा डोस वाढवायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा. म्हणून तक्ता हवाच, लघवीचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठेवलेली हवेची गादी, एअरबेडही तपासा : माकडहाडाखाली, गादीच्या खालून तळहात सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. घोडबंदरला लाईट गेली की पंप बंद; तेव्हा कूस जास्त वेळा बदला.

नौपाडाकर : लघवीचं मान्य. तेवढा रकाना ठेवा.

खारघर_से१२ : उलट्या नसतील तर सलाईनचा हट्ट सोडतो. पण मुख्य गोष्ट कुणीच काढली नाही. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४अ, डॉक्टरच भरतात, सिस्टर नाही. रात्री दोनला याल का, हे फॅमिली डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.