'कॉम्पॅक्ट' ब्रेक: लहान, सुटसुटीत की आटोपशीर?

एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. पानोपानी 'कॉम्पॅक्ट ब्रेक' येतंय. 'लहान ब्रेक' म्हटलं तर कमी ताकदीचा वाटतो, 'संहत' म्हटलं तर फिटर पुस्तिका मिटून ठेवेल. काय लिहू?

प्रतिसाद १
'सुटसुटीत' लिहा की. सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद २
सुटसुटीत नको, त्यात मोकळेपणा आहे. इथे तर स्प्रिंगा, विजेची कॉइल, घर्षणाचं लायनिंग सगळं एका डबीत ठासून मोटरच्या मागच्या टोकाला बसवलेलं असतं. 'लहान'ही फसवं, कारण एवढ्याशा जागेत टॉर्क, म्हणजे फिरणं रोखणारा जोर, किती मिळतो हा खरा मुद्दा. व्यास न वाढवता चकत्या वाढवतात: एका चकतीला घर्षणाच्या दोन बाजू, दोन चकत्यांना चार, म्हणजे दाब तोच ठेवून टॉर्क दुप्पट. आणि जाडी तीच ठेवून चकतीचा व्यास निम्मा केला, तर वजन पाव होतं, पण फिरण्याचं जडत्व थेट सोळावा हिस्सा! सतत थांबणाऱ्या-सुटणाऱ्या यंत्रात हे फार मोलाचं. ब्रेक गिअरबॉक्सच्या आधी बसवला की आणखी सोय. २०:१ गिअरबॉक्स असेल (मोटरचे वीस फेरे, पलीकडे एक), तर पलीकडच्या ४०० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी मोटरकडे साधारण २० पुरतात.

मी 'आटोपशीर' लिहीन. 'घोडा आटोपेना' म्हणतो ना आपण? आवरणं हा अर्थ शब्दातच आहे, ब्रेकला आणखी काय हवं!

प्रतिसाद ३
आटोपशीर चालेल, पण त्यातून नुसतं कौतुक ध्वनित होऊ देऊ नका. अंग लहान, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायला जागाही कमी. सर्वो मोटरमधले (नेमक्या जागी फिरून थांबणाऱ्या मोटरमधले) असे बरेच ब्रेक थांबलेला शाफ्ट धरून ठेवण्यापुरतेच असतात. वेगातलं यंत्र रोज त्यांच्यावर थांबवलं तर लायनिंग जळतं. तेव्हा 'थांबवणारा' आणि 'धरून ठेवणारा' हे शब्द वेगळे ठेवा.

आणि कृपा करून 'ब्रेक चालू' लिहू नका. स्प्रिंगच्या ब्रेकमध्ये कॉइलला वीज मिळाली की ब्रेक सुटतो, वीज गेली की लागतो. म्हणून तर वीज गेल्यावरही भार जागच्या जागी राहतो. मग 'चालू' म्हणजे वीज चालू की ब्रेक लागलेला? 'लागतो' आणि 'सुटतो' एवढंच वापरा.

प्रतिसाद ४ (प्रश्न माझाच)
'आटोपशीर' पक्कं. 'ब्रेक चालू करून हात घाला' असं मी एके ठिकाणी चक्क लिहून ठेवलंय. आधी ते खोडते.