यंत्राला माझी आवड कळते, हे विधान मला मान्य नाही

मंगळवार पेठ:

‘उद्यमनगर’ या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांचा परवाचा लेख मी दोनदा वाचला. गाणी निवडून देणारा माणूस, मग तो रेडिओवरचा निवेदक असो, दुकानदार असो वा घरातला कोणी जाणता असो, आता कालबाह्य झाला आहे. ॲपमध्ये आपोआप तयार होणारी प्लेलिस्ट आपली आवड आपल्याहून चांगली ओळखते आणि म्हणून पुढचे गाणे तिच्यावर सोपवून मोकळे व्हावे, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘मोठ्यांनी लहानांवर आवड लादण्याचे दिवस संपले’ असेही एक वाक्य त्यात आहे. त्या वाक्याचा मला राग आला आणि म्हणून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे.

मी कॉलेजात होतो तेव्हा, म्हणजे १९८६ च्या सुमारास, कोल्हापुरात महाद्वार रोडलगतच्या एका गल्लीत कॅसेट भरून देणारे दुकान होते. वहीच्या कागदावर गाणी लिहून द्यायची, सोबत कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला सात-आठ गाणी बसत आणि शेवटी तीनेक मिनिटांची फीत उरे. ती कोरी सोडणे त्या दुकानदारांना पटत नसे, म्हणून तिथे ते आपल्या पसंतीचे काहीतरी भरत. एकदा माझ्या चित्रपटगीतांच्या शेवटी त्यांनी ख्यालगायिका केसरबाई केरकरांची मालकंस रागाची जुनी, ७८ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका भरली. मला ती मुळीच आवडली नाही. परंतु हातातले काम टाकून उठायचे आणि बटण दाबून फीत पुढे पळवायची, एवढा उत्साह कोणाला असतो? बाजू संपून बटण खटकन वर येईपर्यंत ती वाजत राही. अशी मी ती तीस-चाळीस वेळा तरी ऐकली असेन. पुढे एके दिवशी सायकल पुसत असताना, ही तान कुठे संपणार हे मला आधीच कळले, आणि ती तिथे संपली नाही. ती पुढे गेली, वळली आणि नेमकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली. मी फडके हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ज्या गावात केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले आणि जिथे देवल क्लब ही गायनसंस्था १८८३ पासून उभा आहे, त्या गावात जन्मून मला खाँसाहेबांचे जयपूर घराणे त्या उरलेल्या तीन मिनिटांमुळे भेटले.

आता हेच आजच्या ॲपवर घडले असते तर काय झाले असते? दहाव्या सेकंदाला मी ते गाणे पुढे ढकलले असते, यंत्राने ‘या श्रोत्याला हे नको’ अशी नोंद केली असती आणि केसरबाई माझ्या आयुष्यात आल्याच नसत्या. मला काय आवडते याची मोजणी यंत्र करू शकते, हे मी मान्य करतो. मला पुढे काय आवडू शकेल, हे मात्र त्या दुकानदारांना माझ्याकडे पाहून वाटले होते, आणि आपली तीन मिनिटे त्यांनी त्यावर लावली होती.

उद्यमनगर:

काका, आपली आठवण मनाला भिडली. परंतु तुम्हाला चांगला दुकानदार भेटला, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. माझ्या घरी टेपरेकॉर्डर वडिलांचा होता आणि त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. सकाळी त्यांचे अभंग, रात्री त्यांची नाट्यगीते. मला काय ऐकायचे आहे, हे वीस वर्षांत कोणी एकदाही विचारले नाही. ‘लादणे’ हा शब्द मी विचार करून वापरला होता आणि तो मी मागे घेणार नाही.

दोन वर्षांपूर्वी रात्रपाळी संपवून शिरोलीहून परत येताना मी एकतारीवरची भजने ऐकत होतो. ती संपल्यावर ॲपने आपणहून आफ्रिकेतल्या माली देशातील अली फार्का तूरे यांचे गिटार लावले. एकाच सुराभोवती फिरत राहणारी ती वाजवण्याची पद्धत ऐकून मी पंचगंगेच्या पुलाअलीकडे गाडी बाजूला घेतली. महाद्वार रोडवरच्या कोणत्या दुकानात मला हे मिळाले असते? आणि गाणे पुढे ढकलण्याचा आरोप यंत्रावर कशासाठी? अंगठा माझा आहे. धीर धरायचा की नाही, हे मीच ठरवतो.

पंचगंगाकाठ:

कॅसेट भरून देणाऱ्या दुकानांविषयी एवढे प्रेमाने लिहिले गेले आहे, म्हणून दुसरी बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. मी कागल तालुक्यातली आहे. १९९४ साली वडिलांसोबत शहरात आले असताना आम्ही अशाच एका दुकानात भीमगीतांची यादी दिली होती. काउंटरवरच्या माणसाने कागद वाचला, परत दिला आणि ‘तसले आम्ही ठेवत नाही’ एवढेच म्हणाला. वडील काही बोलले नाहीत. बसमध्येही काही बोलले नाहीत.

आमच्या घरी आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांच्या गीतांची एकच कॅसेट होती. एकदा फीत हेडमध्ये अडकून तुटली, तेव्हा आईने ती नेलपॉलिशने चिकटवली. त्या जोडात एका गाण्याची अर्धी ओळ गेली. मी ते गाणे वीस वर्षे अर्ध्या ओळीविना म्हणत होते. ॲपवर एके दिवशी, मी न शोधता, दुसऱ्या भीमगीतानंतर ते लागले आणि ती ओळ मी प्रथमच पूर्ण ऐकली. तोपर्यंत वडील गेले होते. जे गाणे मला माणसांनी दिले नाही, ते मला यंत्राने दिले, कारण माझा कागद वाचून चेहरा बदलणारा कोणी त्या यंत्रात बसलेला नव्हता. काका, आपल्या दुकानदारांनी उरलेल्या तीन मिनिटांत आपल्याला केसरबाई दिल्या. त्याच तीन मिनिटांत त्यांनी वामनदादा कधी कोणाला दिले होते का?

मंगळवार पेठ:

ताई, आपल्याबाबत घडले ते वाईटच घडले. परंतु एका दुकानातल्या एका माणसाच्या वागण्यावरून आपण माझ्या दुकानदारांवर शिंतोडे उडवत आहात. त्यांनी कोणाची जात विचारल्याचे मी कधीही पाहिले नाही.

पंचगंगाकाठ:

आपण पाहिले नाही, कारण आपल्याला ती विचारली जाण्याचा प्रसंग आला नाही. मी कोणाचे नाव घेतलेले नाही आणि दुकानही सांगितलेले नाही. मी एक प्रश्न विचारला आहे आणि त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

गंगावेश:

या भांडणात रेडिओला दोघेही विसरले आहेत. १९६३ मध्ये आकाशवाणी सांगली सुरू झाली तेव्हापासून आमच्या घरात तोच आमचा गुरू होता. ‘आपली आवड’ला पोस्टकार्ड पाठवायचे आणि आपले नाव कधी वाचले जाते याची वाट पाहायची. आपल्या एका गाण्यासाठी दुसऱ्यांची नऊ गाणी ऐकावी लागत, आणि त्या नऊ गाण्यांनीच आमचा कान तयार केला. यंत्राची यादी एकट्याची असते, तर ती यादी सगळ्या जिल्ह्याची होती.

शाहूपुरी:

रेडिओचे एवढे गुणगान ऐकवत नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, हे आपण विसरलात काय? त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू झाला आणि अमीन सयानींच्या आवाजासाठी अख्ख्या देशाने सुई तिकडे वळवली. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली, ती या चुकीमुळेच. त्याआधीपासून, म्हणजे १९४० पासून, तीन दशके हार्मोनियम आकाशवाणीवर निषिद्ध होती. ज्या कोल्हापुरात पेटीविना ना भजन होते ना संगीत नाटक, तिथल्या माणसाने या रेडिओला गुरू म्हणावे, याचे मला वाईट वाटते.

गंगावेश:

केसकरांची अर्धीच बाजू सांगू नका. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्येच सुरू झाला. संस्थाने विलीन झाल्यावर ज्या गवयांचा आश्रय गेला, त्यांना आकाशवाणीने काम दिले. आमच्यासारख्या साध्या घरांत शनिवारी रात्री दीड तास राग ऐकू येई, तो तिकीट काढून आलेला नव्हता.

शाहूपुरी:

आणि तो नको असलेल्या लाखोंना सिलोन लावावे लागले, हेही तितकेच खरे आहे. लोकांना काय चांगले, हे दिल्लीत बसून एका माणसाने ठरवावे आणि त्याला आपण संस्कार म्हणावे, हा विचारच मला मान्य नाही.

मंगळवार पेठ:

शाहूपुरी, आपणच माझा मुद्दा पुढे नेत आहात. केसकरांचे नाव आज सत्तर वर्षांनीही आपल्याला ठाऊक आहे. निर्णय कोणी घेतला हे माहीत होते, त्यावर टीका झाली आणि तो बदलावा लागला. ॲपने माझ्या यादीतून एखादा गायक वगळला तर मी कोणाला पोस्टकार्ड लिहायचे?

पंचगंगाकाठ:

गंगावेश काकांना विचारते, आपण पाठवलेल्या पोस्टकार्डांपैकी किती वाचली गेली?

गंगावेश:

पंधरा वर्षांत तीन. त्यांपैकी एकात आडनाव चुकीचे वाचले गेले. तरीही आईने तो दिवस शेजारीपाजारी सांगितला होता. त्यापुढे मला काही म्हणायचे नाही.

राजारामपुरी:

मी शिफारस करणाऱ्या प्रणालींवर काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या काही समजुती दुरुस्त करतो. १९९४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमध्ये रिंगो नावाची प्रणाली ईमेलवरून गाणी सुचवत असे. तिचा पाया आजही तोच आहे. ज्यांची आवड तुमच्याशी जुळते, त्यांनी ऐकलेले आणि तुम्ही न ऐकलेले ते तुम्हाला द्यायचे. हजारो लोकांनी जी दोन गाणी एकाच यादीत ठेवली आहेत, ती यंत्राच्या दृष्टीने एकमेकांजवळची ठरतात. म्हणजे त्यात माणसे आहेतच, फक्त ती एकमेकांना ओळखत नाहीत. ताईंना ते भीमगीत अशाच कोणा अनोळखी श्रोत्यांच्या यादीमुळे मिळाले असावे. याखेरीज ध्वनीचेही विश्लेषण होते. तूरे यांचे गिटार भजनामागून लागले, त्यात त्याचा वाटा असू शकतो.

काका, एकदा पुढे ढकललेले गाणे कायमचे जाते, हे खरे नाही. चांगल्या प्रणाली मुद्दाम काही अनोळखी गाणी मिसळत राहतात. परंतु आपली तक्रार मी वेगळ्या कारणाने योग्य मानतो. जे फारसे ऐकले जात नाही, त्याविषयी यंत्राजवळ माहिती नसते; माहिती नसल्यामुळे ते सुचवले जात नाही आणि न सुचवल्यामुळे ते ऐकले जात नाही. अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जयपूर घराण्याला हा फेरा सर्वांत जास्त जाचतो. विलंबित, म्हणजे संथ, लय मोजताना यंत्र अनेकदा दुप्पट किंवा निम्मी मोजते. राग, ताल, घराणे यांच्या नोंदी बहुतेक ध्वनिमुद्रणांना धड जोडलेल्या नसतात. आणि एकच फोन जर आजी, सून आणि नातू वापरत असतील, तर या तिघांचा मिळून एक चमत्कारिक श्रोता तयार होतो.

पैशाचा प्रश्न याहून गंभीर आहे. स्पॉटिफाय या ॲपवर तीस सेकंद वाजले की गाणे एकदा ऐकले असे धरतात. दोन मिनिटांचे गाणे आणि चाळीस मिनिटांचा बडा ख्याल यांची मोजणी सारखीच होते. २०२४ पासून मागील बारा महिन्यांत १,००० वेळाही न वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला तिथे मोबदलाच मिळत नाही. कलाकाराने कमी मोबदला स्वीकारला तर त्याचे गाणे आपोआप लागणाऱ्या यादीत पुढे सरकवण्याची योजनाही तिथे २०२० पासून आहे. तेव्हा यंत्रात चेहरा बदलणारा कोणी नसतो, हे ताईंचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करू शकत नाही.

पंचगंगाकाठ:

हे मला ठाऊक नव्हते आणि ते ऐकून बरे वाटले नाही. जलशात गाणाऱ्या आमच्या गावच्या मंडळींचे १,००० श्रोते कुठून यायचे? तरीही माझे मूळ म्हणणे मी बदलत नाही. पैसे घेऊन गाणे पुढे सरकवणारा आणि कागद परत देणारा, यांच्यातून निवडायचे झाले तर मी पहिल्याशी भांडेन. दुसऱ्याने भांडायला जागाच ठेवली नव्हती.

मंगळवार पेठ:

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर मी दोन दिवस टाळले. माझ्याकडे त्या दुकानात भरलेल्या एकवीस कॅसेट अजून आहेत. काल रात्री त्या सगळ्यांच्या शेवटी काय भरले आहे, ते मी पाहिले. नाट्यगीते आहेत, ख्याल आहेत, दोन लावण्या आहेत, एक पोवाडा आहे. वामनदादा एकाही कॅसेटवर नाहीत. त्यांच्या मनात काय होते, हे मी सांगू शकत नाही, परंतु शिंतोडे उडवत आहात असे मी लिहायला नको होते.

माझा मुद्दा मात्र मी सोडत नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अवकाशात पाठवलेल्या तबकडीवर केसरबाईंचे भैरवीतले गाणे आहे. ते कोणत्याही खपाच्या आकड्यांवरून निवडलेले नव्हते. ते ऐकलेल्या माणसांनी त्याच्यासाठी आग्रह धरला होता. उद्यमनगर, अंगठा तुमचा आहे ना? मग तो बाजूला ठेवून केसरबाईंचा मालकंस रोज एकदा, याप्रमाणे तीस दिवस ऐकून दाखवा. त्यानंतरही नकोसा वाटला तर मी या विषयावर पुन्हा लिहिणार नाही.

उद्यमनगर:

मान्य आहे, परंतु माझीही एक अट आहे. त्या तीस दिवसांत आपणही रोज अली फार्का तूरे ऐकायचे, आणि गाणे पुढे ढकलायचे नाही.

मंगळवार पेठ:

नातीकडून फोनवर लावून घेतले आहे. आज पहिला दिवस झाला.

उद्यमनगर:

आज सातवा दिवस. मालकंस अजून आवडलेला नाही. आज मात्र तान सुरू झाल्यावर, ती कुठे संपणार याचा अंदाज मी बांधू लागलो होतो, आणि तो चुकला.