स्ट्रेंथ भरपूर, क्वालिटी मात्र कमी: दोष फणसाचा की डिशचा?

खानापूर तालुका
आमचे कौलारू घर जांबोटी रस्त्यालगतच्या एका खेड्यात आहे. मागच्या जांभ्या दगडाच्या भिंतीवर चार वर्षांपूर्वी डीडी फ्री डिशची ६० सेंटीमीटरची डिश बसवली. आषाढात पावसाचा जोर वाढला की चित्र जाते, हे आम्ही गृहीतच धरतो. परंतु यंदा दसरा उलटून आभाळ मोकळे झाले तरी चित्राचे चौकोन होऊन ते गोठते आणि काही वाहिन्या तर लागतच नाहीत. बॉक्सवर स्ट्रेंथ ८५ आणि क्वालिटी २५ ते ३० दिसते. डिश बसवणाऱ्याने एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, लहरी टिपणारा भाग) बदलून पाहिला, फरक पडला नाही. आता तो सांगतो की शेजारच्या परसातील फणस आड येतो. हे झाड डिशपासून सुमारे २५ फुटांवर, आग्नेयेकडे आहे. शेजाऱ्यांकडे फांद्या छाटण्याचा विषय काढण्यापूर्वी खात्री करून घ्यावी असे वाटते, कारण त्या झाडाचे फणस दरवर्षी आमच्याही घरी येतात.

टिळकवाडी, बेळगाव
फांदीला हात लावण्याची घाई करू नये. फ्री डिशच्या वाहिन्या ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि आपल्या भागातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच असतो. म्हणजे डिशपासून १० फुटांवरची वस्तू डिशहून साधारण १८ फूट उंच असेल तरच वाटेत येईल. २५ फुटांवरच्या झाडाचा शेंडा डिशच्या वर ४५ फुटांपर्यंत जायला हवा. आपला फणस तेवढा उंच आहे का, ते पाहावे.

गैरसमज बहुधा डिशच्या आकारामुळे होतो. घरगुती डिश ऑफसेट जातीची असल्यामुळे तिचे तोंड जिकडे दिसते त्याच्या वीस-पंचवीस अंश वरून ती लहरी घेते. पाहणाऱ्याला वाटते की ती समोरच्या झाडाकडे बघते आहे, प्रत्यक्षात ती झाडावरून पलीकडे बघत असते. सावलीवरूनही पडताळा घेता येईल. सप्टेंबरच्या अखेरीस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य या उपग्रहाच्या जागेवरूनच जातो. आता तो थोडा खालून जात असला तरी, अकराला जरा अवकाश असताना फणसाची सावली डिशवर पडत नसेल, तर झाड निर्दोष आहे असे खुशाल समजावे.

आपल्या आकड्यांतही उत्तर आहे. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत पोचलेली एकूण शक्ती, आणि तीत निरुपयोगी गोंगाटही मोजला जातो. क्वालिटी मात्र त्यातून शुद्ध माहिती किती निघते ते सांगते. पहिला आकडा चांगला आणि दुसरा पडलेला असेल, तर माझा पहिला संशय डिशची दिशा हलल्याचा. एवढ्या आकाराच्या डिशला एक-दोन अंशांचा फरकही सोसत नाही. भिंतीतील पाइप आणि क्लॅम्प हाताने हलवून पाहावा.

निपाणी
वरील मताशी सहमत आहे, तरी केबलही तपासावी. आमच्याकडे एलएनबीजवळच्या एफ कनेक्टरात, म्हणजे केबलच्या टोकाच्या पेचाच्या जोडात, पाणी शिरून ते केबलच्या तारांच्या जाळीतून आत उतरले होते. दोन एलएनबी बदलल्यावर आम्ही जोड उघडला, तेव्हा तांबे हिरवे पडलेले दिसले. बॉक्स एलएनबीला कधी १३, तर कधी १८ व्होल्ट पाठवून उभ्या किंवा आडव्या ध्रुवीकरणाच्या (म्हणजे लहरींच्या कंपनदिशेच्या) वाहिन्या निवडतो. जोड गंजला की हा दाब वाटेतच घटतो आणि मोजक्याच वाहिन्या जातात. आमच्याकडे मात्र स्ट्रेंथही घसरली होती, त्यामुळे आपली गोष्ट निराळी असू शकेल. काही झाले तरी केबलला जोडाच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते.

खानापूर तालुका
आपणा दोघांचाही आभारी आहे. सावली पाहिली, ती डिशच्या बरीच अलीकडे, अंगणातच पडते. क्लॅम्पचे दोन बोल्ट गंजून सैल झाले होते आणि डिश हाताने हलत होती. वाऱ्याने झाले की माकडांनी, हे सांगता येत नाही. आमच्याकडे दोन्ही भरपूर आहेत. बोल्ट नवे घातले. मुलगा टीव्हीपुढे बसून फोनवर आकडा सांगत होता आणि मी डिश अगदी तसूतसूने सरकवत होतो, कारण बॉक्स नवा आकडा दाखवायला काही सेकंद घेतो आणि घाई केली तर योग्य जागा हातची निसटते. डिश किंचित वर उचलताच क्वालिटी ७० वर गेली. शेवटचा बोल्ट आवळताना ती ६२ वर आली, म्हणून सगळे पुन्हा सैल करावे लागले. आता ६८ आहे आणि गेलेल्या वाहिन्या परत आल्या आहेत. जोडही उघडून पाहिला, तो कोरडा होता. झोळ मात्र दिला आहे. शेजाऱ्यांना यातले काही सांगितलेले नाही.