साडीच्या आत काय? ट्रान्स बाईच्या अंगाला बसणारं शेपवेअर आणि स्टॉकिंग

जुई_लातूर

नमस्कार ताई लोकहो. उंची 5 फूट 8 इंच, छाती 39, कंबर 34, नितंब 36. हार्मोन सुरू होऊन वर्ष व्हायचंय, खाली भर अशी काहीच नाही. मे महिन्यात लग्नाला सहावारी नेसायची आहे, एरवी ऑफिसात कुर्ता आणि पँट.

L मापाचं हाय वेस्ट शेपवेअर (अंग आवळून आकार देणारं इनरवेअर) अर्ध्या तासात वरून गुंडाळत कमरेवर येऊ लागलंय. XXL घेऊ का माप दुसरीकडंच चुकतंय? स्टॉकिंगच्या पाकिटावरचं 15, 40, 80 डेनियर कसं वाचायचं? आणि टकिंग (लिंग-वृषण मागे-वर सरकवून पुढचा भाग सपाट करणं) करून वरून शेपवेअर घातलं तर ह्या उन्हात किती तास चालतं?

गंज गोलाईत "हॉजिअरी" पाटीच्या दुकानात विचारलं की बनियनच पुढं येतंय, ते वेगळंच.

शिवण_उसवण

XXL नका घेऊ. गुंडाळी रुंदीमुळे होत नाही, लांबी कमी पडते म्हणून होते.

बाजारातलं बहुतेक शेपवेअर बुटक्या धडाचा हिशोब धरून कापलेलं असतं. तुमचं धड लांब, बरगड्यांचा घेर मोठा. त्यामुळे वरची कड येऊन थांबते ती बरगड्या जिथं वर रुंदावतात त्या उतारावर. मडक्याच्या पोटाला बांधलेली दोरी गळ्याकडे घसरते, तसंच हे इलास्टिक बरगड्यांवरून कमरेकडे घसरणार. मोठा साइझ घेतला तर कापड सैल पडेल, उंची फारशी वाढणार नाही. कडेला सिलिकॉनची पट्टी असलेलं घ्या असं दुकानदार सांगेल. घाम आला की ती पकड सोडते आणि खाली कातडी लालेलाल होते.

माप असं घ्या. परकराची नाडी सैलसर कमरेला बांधा आणि दोन्ही बाजूंना वाका. घडी पडते तिथं नाडी आपोआप जाऊन बसते, तीच कंबर, बहुतेकींची बेंबीच्या वर येते. मग जांघेच्या मधल्या शिवणीच्या जागेपासून पुढून ब्राच्या खालच्या पट्ट्यापर्यंत टेप लावा. दुकानात शेपवेअर काउंटरवर सपाट पसरून तेच अंतर मोजा. अंगापेक्षा 1-2 इंच कमी असेल तर कापड ताणून भरून काढतं. 4 इंच कमी असेल तर ते उतरणारच, मग कितीही महाग असू द्या.

तुमच्या बांध्याला दोनच प्रकार टिकतात. एक, ब्रापर्यंत येणारं आणि ब्राच्या पट्ट्याला हुकानं अडकणारं. दुसरा, खांद्याला पट्टे असलेला बॉडीसूट. बॉडीसूटसाठी अजून एक माप लागतं: एका खांद्याच्या मधून पुढून खाली, पायांमधून मागे, परत त्याच खांद्यावर. साइझच्या तक्त्यात हे माप नसेल तर निदान पट्टे लांब करता येतात का ते बघा. आखूड बॉडीसूट खांद्यात रुततो आणि खालून वर खेचतो, आणि टकिंग असेल तर त्या खेचण्यासारखा ताप दुसरा नाही. खाली उघडं ठेवलेलं ओपन गसेट शेपवेअर तुमच्या कामाचं नाही.

आता मूळ मुद्दा. सगळ्यांचा भर कंबर दाबण्यावर असतो, तो चुकीचा. चांगलं शेपवेअर 34 ची कंबर फार तर इंच-दीड इंच आत घेईल. नितंब 36 च राहिले तर साडीत आकार दिसत नाही, फक्त श्वास अडकतो. उलट दोन्ही बाजूंना 1 इंच जाडीचा पॅड बसला की घेर सहज 2-3 इंच वाढतो आणि कंबर न दाबताच बारीक दिसते. मराठवाड्याच्या मे महिन्यात कमी दाब आणि जास्त भर हेच परवडतं.

पॅड विकत मिळतात, पण गादी-सोफेवाल्याकडचा 1 इंची फोम घेऊन घरी केलेला अंगाला जास्त नेमका बसतो. मऊ मागा, खुर्चीच्या बैठकीचा कडक फोम साडीतून खोक्यासारखा दिसतो. साधारण 10 इंच उंच आणि 6-7 इंच रुंद, अंड्याच्या आकाराचे दोन तुकडे कापा, निमुळतं टोक वर. मग खरं काम सुरू: सगळ्या कडा आतल्या बाजूनं तिरक्या कातरत कागदाइतक्या पातळ करत आणायच्या, मध्ये तेवढी पूर्ण जाडी ठेवायची. घाई होते ती इथंच. कड जाड राहिली की पातळ साडीतून वाटीची किनार दिसावी तशी रेघ दिसते. वरून सुती होजिअरी कापडाची खोळ शिवा, म्हणजे घाम खोळीत मुरेल आणि खोळ तेवढी धुता येईल.

जागाही चुकते. कमरेखाली हाताला लागतं त्या हाडावर बहुतेक जणी पॅड ठेवतात, मग आकार टोपली बांधल्यासारखा होतो. त्याच्या बरंच खाली, पाय बाजूला हलवला की मांडीच्या वरच्या टोकाला गोल हाड फिरताना हाताला लागतं. पॅडचा सर्वांत जाड भाग त्या हाडावर यायला हवा. बाजूला थोडा आणि मागे थोडा, अगदी काटकोनात बाजूला नको.

आणि शेपवेअरचं माप पॅड लावून घ्या. आधी घेतलेल्या मापात पॅड कोंबला की तो चपटा होतो आणि एवढ्या कातरकामावर पाणी.

गोदाकाठ_नांदेड

बनियनची गंमत सगळीकडे आहे. इकडं "होजिअरी" म्हणजे विणलेलं सुती कापड आणि त्याचे गंजीफ्रॉक. तुम्हाला हवं ते "स्टॉकिंग" किंवा "पॅन्टी स्टॉकिंग" म्हणून मागा. नाहीतर ऑनलाइन, पण घालून बघितलेलं इनरवेअर बरेच जण परत घेत नाहीत, हे धरून चाला.

डेनियर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये. 15-20 म्हणजे कातडी दिसणारं पातळ, 40 अर्धवट, 70-80 च्या पुढं जवळपास बंद. नुसत्या शेव्हिंगनंतर हिरवट सावली राहते ती 15 मध्ये झाकत नाही, उलट काळ्यात केस चपटे होऊन जास्त दिसतात. वॅक्स असेल तर 20, शेव्हिंग असेल तर 60-80, किंवा खाली कातडीच्या रंगाचं 40 आणि वर पातळ काळं. दोन थरांचा फायदा असा की हिप पॅडची कडही त्यात मुरून जाते. पण हे डिसेंबर-जानेवारीचं काम, एप्रिलनंतर नाही.

रंगाचं बघा. पाकिटावर "स्किन" लिहिलेला रंग गुलाबीसर गोरा असतो, आपल्यातल्या बहुतेकींच्या पायावर तो पांढुरका, आजारी दिसतो. "कॉफी" किंवा "चॉकलेट" मागा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर ताणून बघा. न ताणता बघितला तर रंग नेहमी गडदच वाटणार.

साइझ पाकिटामागच्या उंची-वजनाच्या तक्त्यावरून, कमरेवरून नाही. दोन साइझच्या मध्ये पडलात तर वरचा. तुमच्या उंचीला लहान घेतलं तर जांघेत 3-4 इंच खाली लोंबतं आणि चालताना मांड्या घासतात. मोठं घेतलं तर घोट्यावर चुण्या पडतात, एवढंच.

घालताना फाटण्याचं कारण नख कमी आणि टाचेच्या भेगा जास्त. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तर नक्कीच. आदल्या रात्री टाचेला व्हॅसलीन लावून सुती मोजे घालून झोपा, सकाळी पुसून काढा. पाय तेलकट असताना स्टॉकिंग चढत नाही. बसून घ्या, एक पाय पंजापर्यंत गोळा करून टाच नीट बसवा, गुडघ्यापर्यंत आणा, मग दुसरा, मग दोन्ही थोडं थोडं वर. कमरेला धरून ओढलं की मांडीवर विणीचा धागा उभा सुटलाच. सुटला तर दोन्ही टोकांना बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि वाळेपर्यंत हलू नका.

जोडवी आणि पैंजण स्टॉकिंगचे शत्रू आहेत. जोडवी आत घातली तर टोकाशी भोक, वर घातली तर घसरतात. पैंजणाची कडी अडकून सरळ उभी चीर जाते.

लग्नाचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: साडीखाली पूर्ण स्टॉकिंग घालू नका. पाय दिसत नाहीत, मांडवात चपला काढाव्या लागतात आणि गुळगुळीत फरशीवर नायलॉनचा पाय घसरतो. गुडघ्याच्या वर संपणारं शेपवेअर पुरे. मांड्या घासून सोलवटत नाहीत, ते आयतंच.

ढोबळ_अंदाज

एवढा विचार कशाला? दोन साइझ लहान घ्यायचं, तीन-चार तासच तर काढायचेत.

सिस्टर_परभणी

ते तीन-चार तास उभ्यानं नसतात, पंगतीत बसून जेवायचं असतं. दोन साइझ लहान शेपवेअर घालून बसलं की पोटावरचा दाब वर जातो आणि जेवण घशाशी येतं. जांघेशी कड रुतत असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, जळजळ होते, कारण तिथून जाणारी कातडीची नस दबते. मुंग्या आल्या की काढायचं, "सवय होईल" म्हणून थांबायचं नाही.

टकिंगबद्दल. अंग धुऊन पूर्ण कोरडं करा, आडवं पडा. वृषण हलक्या बोटांनी वरच्या बाजूला, जांघेतल्या पोकळीत, आपण होऊन जातील तेवढेच सरकवा. अडलं किंवा दुखलं तर सोडून द्या, जोर लावायचा नाही. लिंग मागे घेऊन वरून गॅफ चढवा. ही पुढून न ताणणारी, आतून सुती चड्डी, शेपवेअर तिच्यावर. शेपवेअरच्या दाबावर टकिंग टिकवायचं नाही, ते गॅफचं काम. बाईच्या शेपवेअरचा मधला पट्टा अरुंद असतो, बसता-उठता बाजूनं सुटतं, मग माणूस अजून घट्ट घेतो. सुरुवात घरी तासा-दोन तासांपासून करा. पुढंही 6 तासांच्या वर नको आणि ह्या उन्हात त्याहून कमीच. झोपताना कधीच नाही. हर्निया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

चिकटपट्टी टाळा. लावायचीच तर मेडिकलमधली कागदी पट्टी, केस काढलेल्या जागेवर. पॅकिंगची टेप किंवा कुठलाही गोंद लावला तर काढताना कातडी निघते आणि घामात तिथंच पू धरतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पाणी न पिण्यानं. लघवीला जाणं अवघड, संडास कुठला वापरावा हा प्रश्न, म्हणून सकाळपासून घोटभर पाणी नाही. मे महिन्यात पारा 40 च्या वर असतो. लघवीत जळजळ, संसर्ग, खडे, चक्कर, सगळं ह्यातूनच येतं. दर तीन-चार तासांनी गॅफ काढून लघवी करता येईल अशी जागा आधी हेरून ठेवा. यजमानाच्या घरातली एखादी खोली मांडवाच्या संडासापेक्षा बरी.

वृषणात एकाएकी जोरात दुखू लागलं, मळमळलं आणि सगळं सोडल्यावरही थांबलं नाही तर सरळ मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जा. पीळ पडला असेल तर साधारण 6 तासांच्या आत इलाज व्हावा लागतो. लाजेपायी सकाळची वाट बघायची नाही.

अजून एक. तुम्ही हार्मोनवर आहात. इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गाठीचा धोका थोडा वाढतो, गोळ्यांमध्ये जास्त. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर घट्ट स्टॉकिंगला दोष देत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि मेडिकलमधले व्हेरिकोज व्हेनचे मोजे शोभेचं स्टॉकिंग म्हणून वापरू नका, क्लास 2 (जास्त दाबाचे) तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच.

जुई_लातूर

लई उपकार झाले. शिवण_उसवण ताई, साडीला परकर घेऊ का ते मासोळी कटचं साडी शेपवेअर? आणि धुण्याचं सांगा, आमच्याकडं बोअरचं पाणी, नाहीतर टँकर.

शिवण_उसवण

मासोळी कट अंगाला चिकटून असलेला आकार दाखवतो. पॅड नीट बसले असतील तर सुंदर, नसतील तर चूकही दाखवतो. शिवाय तुमच्या उंचीला त्याची लांबी आखूड पडते. कमरेपासून घोट्यापर्यंत मोजा आणि 38 इंची मिळालं तर नकोच म्हणा. साडीचा खालचा घेर आत दुमडतो आणि पायात येतो. पहिल्याच वेळेला साधा सुती परकर शिवून घ्या, सहा कळ्यांचा, घेर बेताचा. नाडी दोरीसारखी नको, इंचभर रुंद पट्टीची, आणि शेपवेअरच्या कडेवरच नको, दोन बोटं खाली. दोन्ही दाब एकाच रेघेवर आले की संध्याकाळी तिथं काळा-निळा वळ दिसतो.

धुताना वडीचा साबण नको. जड पाण्यात त्याचा चोथा धाग्यात बसतो आणि कापड कडक होतं. पातळ डिटर्जंट किंवा शॅम्पू, गार पाणी, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं वाळत घालायचं. टँकरच्या पाण्याला टीसीएल पावडरचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या बादलीत ठेवून वापरा, क्लोरीननं इलास्टिक मरतं. मऊ करणारं कंडिशनरही नको. पॅडचा फोम हातानं दाबून धुवा. आत ओल राहिली की कुबट वास येतो आणि तो जात नाही, म्हणून लग्नाच्या दोन दिवस आधीच धुऊन ठेवा.

आणि त्याआधी एक दिवस घरी सगळं चढवून, साडी नेसून, पाटावर मांडी घालून बसून बघा. पॅड सरकतो तो उभ्यानं नाही, मांडी घालताना. सरकला तर पॅडची खोळ शेपवेअरला आतून चार जागी टाचून टाका.