मदत हवी आहे: मॉरिशस आणि फिजी – राज्यकर्ते तेच, ऊस तोच, मग वाटा वेगळ्या का झाल्या?

नमस्कार,

मी कोकणातील एका महाविद्यालयात पदवीच्या तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र शिकवते. वसाहतींचा इतिहास आणि आजची समृद्धी यांचा संबंध समजावताना मी मॉरिशस आणि फिजी ही जोडी घेते. दोन्ही बेटे ब्रिटिशांची, दोन्हीकडे ऊस हेच मुख्य पीक, आणि तो ऊस पिकवायला दोन्हीकडे हिंदुस्थानातून गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर, नेलेले मजूर. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाले, फिजी १० ऑक्टोबर १९७० रोजी. युरोपला ठरलेल्या भावाने साखर विकण्याची सवलतही १९७५च्या करारानंतर दोघांना मिळाली. तरीही आज मॉरिशसचे दरडोई उत्पन्न फिजीच्या सुमारे दुप्पट आहे. हे कसे झाले, याचे माझे उत्तर यंदा वर्गातच तोकडे पडले, म्हणून जाणकारांकडे आले आहे.

ॲसेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना २०२४ साली ज्या कामासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्याचा गाभा असा की गोऱ्यांनी जिथे स्वतः वस्ती केली तिथे मालमत्तेचे रक्षण करणाऱ्या संस्था रुजल्या, आणि जिथून केवळ संपत्ती ओरबाडायची होती तिथे ओरबाडणाऱ्या. मॉरिशस या चौकटीत मला बसवता येत नाही. ब्रिटिशांआधीच्या फ्रेंच राजवटीपासूनचे मूठभर फ्रेंच मळेवाले, १८३५पर्यंत गुलाम आणि त्यानंतर सुमारे साडेचार लाख गिरमिटिया: ओरबाडणारी वसाहत म्हणतात ती हीच. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१च्या अहवालात या बेटाच्या भवितव्याविषयी काळजीच व्यक्त केली होती. वाढती लोकसंख्या, एकच पीक आणि जमातींमधला तणाव ही त्यांची कारणे होती. स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी पोर्ट लुई या राजधानीत दंगली उसळल्या आणि ब्रिटिश सैनिक बोलवावे लागले, तेव्हा त्यांची काळजी अनाठायी नव्हती.

माझ्या मते या कोड्याची किल्ली आर्थर गॉर्डन या एका माणसाच्या दोन नेमणुकांमध्ये आहे. हे गृहस्थ १८७१ ते १८७४ मॉरिशसचे गव्हर्नर होते. हिंदी मजुरांना कसे वागवले जाते, ते त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले. त्यांच्याच काळात या छळाच्या चौकशीसाठी शाही आयोग आला. लगेच १८७५ साली ते फिजीला गेले. तिथे त्याच वर्षी गोवराच्या साथीने मूळ फिजीयन लोकांचा फार मोठा हिस्सा मेला होता. या लोकांचे मॉरिशसच्या मजुरांसारखे हाल होऊ द्यायचे नाहीत, असे गॉर्डन यांनी ठरवले. फिजीयनांची जमीन विकता येणार नाही आणि त्यांना मळ्यावर जुंपताही येणार नाही, असा त्यांच्या धोरणाचा रोख होता. मग मळ्यावर राबायचे कोणी? १४ मे १८७९ रोजी ‘लिओनिदास’ हे हिंदी मजुरांचे जहाज फिजीला लागले ते याच प्रश्नाचे उत्तर घेऊन. पुढे १९१६पर्यंत सुमारे साठ हजार मजूर गेले.

हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, मग फिजीयनांची जमीन वाचवली, ही चूक होती का?” मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

कारण दुसरी बाजू मी घरात पाहिली आहे. आमचे आजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर (त्या दिवशी कायद्याने कसणाऱ्या कुळाला मालक मानले) यथावकाश सातबाऱ्यावर त्यांचे नाव लागले आणि त्याच पावसाळ्यात त्यांनी बांधावर हापूसची पहिली अकरा कलमे लावली. त्याआधी वीस वर्षे त्याच जमिनीत ते फक्त भात आणि नाचणी करत होते, कारण दुसऱ्याच्या जमिनीत झाड लावायचे नसते, असे ते म्हणत. फिजीतल्या हिंदी शेतकऱ्याला ते कलम लावण्याची वेळ कधी आलीच नाही. तिथली ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन मूळ फिजीयनांच्या गोत्रसमूहांच्या सामाईक मालकीची आहे आणि ती फक्त भाडेपट्ट्याने मिळते. १९७६च्या कायद्याने पट्टे तीस वर्षांचे झाले खरे, पण १९९७पासून जुने पट्टे संपू लागले तेव्हा अनेकांचे नूतनीकरण झाले नाही आणि तीन-तीन पिढ्या कसलेली शेते सोडून माणसे राजधानी सुवाच्या कडेला वस्ती करून राहिली.

मतदानाचेही तसेच. फिजीच्या १९७०च्या राज्यघटनेत ५२पैकी २२ जागा फिजीयनांच्या, २२ हिंदी लोकांच्या आणि उरलेल्या ८ इतरांच्या. मॉरिशसमध्ये मतदारयादी सर्वांची एकच, मुख्य बेटावरच्या प्रत्येक मतदारसंघातून तीन प्रतिनिधी, आणि एखादी जमात मागे पडू नये म्हणून ‘बेस्ट लूझर’च्या, म्हणजे हरलेल्यांतल्या चांगली मते मिळवणाऱ्यांसाठीच्या, आठ जागा. तिथे उमेदवाराला दुसऱ्या जमातीच्या दारी मते मागायला जावेच लागते. फिजीत १९८७ साली हिंदी पाठबळावरचे सरकार निवडून आले आणि महिनाभरातच लष्करी अधिकारी राबुका यांनी बंड करून ते उलथवले. ‘लिओनिदास’ लागले होते तीच ही तारीख, १४ मे. पुढे २००० आणि २००६ साली पुन्हा बंडे झाली, आणि शिकलेली माणसे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाकडे निघून गेली.

मला मदत हवी आहे ती अशी. मूळ रहिवाशांची जमीन राखूनही कसणाऱ्याला दीर्घ मुदतीची शाश्वती देता आली आहे, असे एखादे उदाहरण जगात आहे का? आणि मॉरिशसमधल्या गिरमिटियांना जमिनी नेमक्या कशा मिळाल्या? तिथे रत्नागिरीकडून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, एवढे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. खोतीच्या मुलखातून गेलेला माणूस तिकडे जमीनधारक कसा झाला, हे मला त्यांना सांगायचे आहे.

प्रतिसाद

मॅडम, आपल्या दुसऱ्या प्रश्नापुरते सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव घसरू लागले तेव्हा मॉरिशसच्या मळेवाल्यांनी कडेकडेच्या हलक्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले. एकरार संपलेल्या मजुरांनी गाठीला बांधलेल्या पैशांतून, बरेचदा हप्त्यांनी, ते घेतले. मळेवाल्यांनी हे दयेपोटी केले नाही, त्यांना रोकड हवी होती. पण खरेदीखत मजुराच्या हातात आले. तिथे मूळ रहिवासी नव्हतेच, त्यामुळे ती जमीन आमची होती असे म्हणणारे तिसरे कोणी उभे राहिले नाही.

आपण भांडवलाचा मुद्दा सोडला आहे, आणि माझ्या मते तो जमिनीइतकाच मोठा आहे. फिजीची साखर १९७३पर्यंत एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या हातात होती आणि नफा सिडनीला जाई. मॉरिशसचे कारखानदार बेटावरच राहणारे होते. स्वातंत्र्यानंतर पहिले पंतप्रधान रामगुलाम यांनी त्यांचे मळे सरकारजमा केले नाहीत, त्यांच्या निर्यातीवर कर घेतला. १९७० साली निर्यात क्षेत्राचा, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा, कायदा झाला, १९७४च्या सुमारास साखरेचे भाव कडाडले, आणि त्या पैशातला काही भाग हाँगकाँगच्या गुंतवणुकीबरोबर कापड कारखान्यांत गेला. त्या कारखान्यांत मुख्यतः बायका कामाला लागल्या. घरात दुसरा पगार आला.

मात्र एक गोष्ट वर्गात जरूर सांगा. १८३५ साली नुकसानभरपाई मिळाली ती गुलामांच्या मालकांना, सुमारे वीस लाख पौंड. गुलामांना काहीही मिळाले नाही. त्यांचे वंशज, क्रेओल लोक, या यशोगाथेत आजही मागे आहेत.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. खरेदीखताचा आणि नफा कुठे राहिला याचा धागा माझ्या हातून निसटला होता, तो आता जोडून घेते. क्रेओल लोकांविषयी मी आजवर वर्गात अवाक्षरही काढले नव्हते, हे वाचताना फार लागले. पहिला प्रश्न अजून तसाच आहे. न्यूझीलंडमधील मूळ रहिवासी माओरींच्या जमिनींच्या पट्ट्यांचा किंवा आपल्याकडच्या आदिवासी जमिनींच्या हस्तांतरणबंदीचा कोणी अभ्यास केला असल्यास कृपया लिहावे. पुढच्या सोमवारी त्या मुलीचा तास आहे.