के-वन रखडलाय. वाट बघू, की इथे लग्न करून नव्याने अर्ज करू?

अर्धीबॅग

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी भारतीय, वय ३४. तो अमेरिकन नागरिक. ओळख कामातून झाली, तीन वर्षांपूर्वी. लग्न तिकडे करायचं ठरलं म्हणून त्याने आय-१२९एफ, म्हणजे के-वन या होणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसाचा अर्ज भरला, त्याला आता चौदा महिने झाले. मागच्या आठवड्यात मंजुरीऐवजी आरएफई आली, म्हणजे 'आणखी पुरावे द्या'. मुद्दा एकच: अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत तुम्ही प्रत्यक्ष भेटला होतात हे दाखवा.

भेटलो होतो हो! चांगले बारा दिवस. पण बोर्डिंग पास मीच आवराआवरीत फेकून दिले. त्याच्या पासपोर्टवरचा शिक्का असा उमटलाय की महिना वाचता येतो, वर्ष नाही. आणि अर्जासोबत आम्ही अकरा फोटो पाठवले होते, त्यातल्या नऊ फोटोंत एकतर तो एकटा आहे नाहीतर मी एकटी, कारण दुसरा फोटो काढत होता. तेव्हा कुठे माहीत होतं, पुढे कुणीतरी भिंग घेऊन त्यात आम्हा दोघांना शोधणार आहे म्हणून.

एवढं एकच असतं तर चाललं असतं. 'सहा महिन्यांत जाईन' असं ऑफिसात सांगून बसले होते, त्यामुळे मोठं काम दुसरीकडे गेलं. साहेबांची चूक नाही, जाणाऱ्या माणसाला कोण काम देईल? आई आधी रोज विचारायची, "आला का गं तुझा कागद?" हल्ली विचारत नाही. ते जास्त लागतं. पलंगाखाली बॅग अर्धी भरून ठेवलीय, चांगल्या चांगल्या वस्तू तिच्यात आणि मी उरलेल्यांवर दिवस काढतेय.

नोव्हेंबरात तर कहरच. तिकडची घड्याळं तासभर मागे गेली आणि आमचं साडेनऊ तासांचं अंतर साडेदहाचं झालं. दोघांच्याही लक्षात नाही. मी नेहमीच्या वेळेला फोन लावून बसले, तो गाढ झोपेत. उठल्यावर भांडण झालं ते मात्र घड्याळावरून नाही, व्हिसावरून.

आता विचारायचं ते हे. तो अर्ज मागे घेऊन सरळ इथे रजिस्टर लग्न करावं का? की नोंदणी न करता घरच्यांच्या समाधानापुरता छोटा समारंभ करून के-वन तसाच चालू ठेवावा? आणि मधल्या काळात टुरिस्ट व्हिसावर महिनाभर जाऊन आले तर?

---

कागदीघोडा

तिन्हींत सगळ्यात धोक्याचा तुमचा दुसरा पर्याय आहे, म्हणून आधी तो. के-वन हा होणाऱ्या नवरा-बायकोसाठीचा व्हिसा. नोंदणी नसली तरी लग्नासारखा दिसणारा समारंभ झाला, त्याचे फोटो मुलाखतीत निघाले, की 'तुमचं लग्न झालेलंच दिसतंय' म्हणून व्हिसा अडू शकतो. आणि लग्न झालेलं नाही म्हणून पती-पत्नीचा अर्जही करता येत नाही. धड इकडे ना धड तिकडे. करायचं तर पूर्ण करा, नाहीतर अजिबात नको.

पूर्ण करायचं म्हणजे स्पेशल मॅरेज ॲक्ट, १९५४. नोटीस द्यायची, त्याआधी दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं. ते तुमचं आहेच. नोटिशीनंतर हरकतींसाठी ३० दिवस, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटीस तीन महिन्यांत वापरली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे त्याच्या रजेचं गणित आधी मांडा. तो अविवाहित असल्याचं शपथपत्र कुठल्या नमुन्यात हवं, नोटिशीला त्याने स्वतः यायला हवं का, हे तिथल्या विवाह अधिकाऱ्याला आधीच विचारा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

लग्न झालं की आय-१२९एफ बाद. नवा आय-१३०, म्हणजे पती-पत्नीचा अर्ज, आणि नवी रांग. तुमचे चौदा महिने त्यात धरले जात नाहीत, हे कडू आहे पण खरं आहे.

दुसरी बाजूही सांगतो. के-वनवर पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न, मग ग्रीन कार्डचा वेगळा अर्ज, आणि कामाची परवानगी येईपर्यंत घरी बसणं. त्या काळात ॲडव्हान्स परोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, न घेता देशाबाहेर पडलात तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. म्हणजे इथे कुणी आजारी पडलं तरी उठून येता येत नाही. लोक के-वन लवकर मिळतो का एवढंच बघतात, हे नंतरचे महिने मोजतच नाहीत. पती-पत्नीच्या व्हिसावर गेलात तर उतरल्या दिवसापासून कायम रहिवासी, नोकरी करायला मोकळ्या. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं सशर्त मिळतं आणि मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ती अट काढायचा अर्ज, भरावा लागतो, एवढंच.

टुरिस्ट व्हिसाची आशा धरू नका. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१४(बी)खाली तुम्ही तिकडेच राहणार असं गृहीत धरतात आणि तसं नाही हे तुम्ही पटवायचं असतं. होणारा नवरा तिकडे आहे का, हे फॉर्ममध्येच विचारलेलं असतं. तिथे खोटं मात्र लिहू नका, ते जन्मभर मागे लागतं. त्यालाच इकडे बोलवा.

---

सरळसोट

एवढं रामायण कशाला? वकील करायला हवा होता. चौदा महिने फुकट घालवलेत.

---

अर्धीबॅग

@सरळसोट, वकील होते हो. अकरा फोटो त्यांनीच मागितले होते. त्यात माणसं किती आहेत हे त्यांनीही मोजलं नाही आणि आम्हीही नाही.

@कागदीघोडा, समारंभाचं वाचून घाम फुटला. पुढच्या महिन्याची तारीख जवळजवळ ठरली होती. एक शंका: दोन वर्षांच्या आत भेट हवी म्हणतात, ती मुदत आता संपत आली का? आमची भेट होऊन सव्वादोन वर्षं झाली.

---

कागदीघोडा

नाही. दोन वर्षं अर्ज भरल्या दिवसापासून मागे मोजायची, आजपासून नाही. तुमची भेट त्यात बसते, फक्त दाखवायची आहे.

बोर्डिंग पासचं रडू नका. विमान कंपनीची बुकिंगची ईमेल शोधा. त्या बारा दिवसांतलं त्याच्या कार्डाचं स्टेटमेंट काढा, खर्च कुठल्या गावात झाला ते त्यात दिसतं. हॉटेलची पावती दोघांच्या नावावर असेल तर उत्तमच. फोटोंच्या मूळ फाइलमध्ये तारीख असते, व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत ती बहुधा राहत नाही, म्हणून मूळ फोनमधूनच घ्या. शिक्का पुसट असला तरी त्या पानाची रंगीत प्रत लावाच. बरोबर असलेल्या मित्रमैत्रिणींची शपथपत्रं चालतात, पण ती कागदांना टेकू म्हणून, कागदांच्या ऐवजी नव्हे.

आणि सगळं एकदम पाठवा. आरएफईला उत्तर एकदाच देता येतं, 'हे आधी घ्या, बाकीचं मागाहून' चालत नाही. पत्रावरची मुदत आजच कॅलेंडरवर लिहा. मेडिकल मात्र आत्ता करून ठेवू नका, त्याला मुदत असते, मुलाखतीच्या आधी ती संपली तर पुन्हा सुया.

---

खिडकीतली_सीट

कायद्यातलं मला वरच्यांइतकं कळत नाही. मी फक्त थांबलोय. बायको ब्राझीलची, मी तेव्हा ब्रिटनमध्ये, आणि आमचे दोन अर्ज मिळून अडीच वर्षं गेली.

तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट दिसली ती सांगतो. अर्ज त्याने भरला, पत्र त्याला आलं, वकिलांशी बोलतो तो. तुमच्या वाट्याला काय? नुसतं थांबणं. आमचंही तसंच होतं. माझ्याकडे फायली होत्या, तिच्याकडे काहीच नाही. मी म्हणायचो, "मी सगळं करतोय ना," आणि तिला तेच झोंबायचं. शेवटी पुराव्यांचं काम मी तिच्याकडे दिलं. तिने तीन हजार मेसेजांतून चाळीस निवडले. त्यातले काही वाचून मला रडू आलं आणि काही वाचून इतकी लाज वाटली की विचारू नका. पण त्या महिन्यात आम्ही एकदाही भांडलो नाही. तुमच्या आरएफईचं उत्तर तुम्ही बांधा. सही त्याची असू दे.

दुसरं, व्हिसाला वार ठरवून द्या. आमचा गुरुवार होता. स्टेटस गुरुवारी बघायचं, त्यावर बोलायचं गुरुवारी. इतर दिवशी ज्याच्या तोंडून 'व्हिसा' निघेल त्याने फोन ठेवायच्या आधी एक गाणं म्हणायचं. मी भयंकर गातो. दोन आठवड्यांत शिस्त लागली.

आणि भेटीची तारीख व्हिसावर टांगू नका. 'व्हिसा आला की भेटूच' करत आम्ही अकरा महिने घालवले. पुढची भेट कधी हे ठरलेलं असलं की मधले दिवस मोजता येतात. नाहीतर ते नुसते साचतात.

---

उलटी_वाट

माझं मत थोडं वाकडं आहे, राग मानू नका. आपणच जायचं असं कधी ठरलं? तुम्ही लिहिलंय 'तिकडे करायचं ठरलं'. कुणी ठरवलं?

माझा नवरा कॅनडाचा. आम्हीही कागद भरत बसलो होतो. एका रात्री तो म्हणाला, "मला तिथे येऊन बघायचंय, मला कुणी विचारलंच नाही." मला खरंच सुचलं नव्हतं! इथे लग्न नोंदवलं, तो पत्नी भारतीय म्हणून एंट्री व्हिसावर राहिला, आणि नोंदणीकृत लग्नाला सलग दोन वर्षं झाल्यावर ओसीआयसाठी, म्हणजे परदेशी नागरिकाला भारतात दीर्घकाळ राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज केला. सोपं होतं असं नाही. त्या दोन वर्षांत त्याला नोकरी करता येत नव्हती, घरात बसून तो माझ्या आईपेक्षा जास्त चिडचिडा झाला होता. पण चिडचिड एका छपराखाली होती.

तुमचं तेच व्हावं असं म्हणत नाही. विचारून तरी बघा.

---

अर्धीबॅग

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

समारंभ रद्द केला. आईला कारण सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे लग्न जास्त झालं म्हणून व्हिसा देणार नाहीत?" पुढे काही बोलली नाही, पण बऱ्याच दिवसांनी हसली.

आरएफईचं उत्तर मी बांधलं. ६४ पानं. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये एका संध्याकाळी दोन छत्र्या घेतल्याची नोंद सापडली. मी ते पार विसरले होते. त्या दिवशी धो धो पाऊस, दुकानात दोनच छत्र्या उरलेल्या, एक लहान मुलांची, बदकाच्या चोचीची. ती त्याने घेतली होती. आणि फोनमध्ये फोटोही मिळाला, दुकानाच्या काचेत आम्ही दोघं, मी मोबाईल धरलेला, तो बदकाखाली. तारखेसकट. पान १७.

@उलटी_वाट, विचारलं. तो इतका वेळ गप्प राहिला की मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाला, "उत्तर गुरुवारी देऊ का?" (हो, आम्हीही गुरुवारच घेतला.) गुरुवारी ठरलं ते असं: आरएफईचा निकाल लागेपर्यंत के-वन राहू द्यायचा. नाही झालं तर तो दोन महिन्यांची रजा घेऊन इकडे येईल, नोटीस देऊ, इथे लग्न करू. त्यानंतर कुणी कुठे राहायचं हे तेव्हा ठरवू, आत्ता नाही. निकाल काहीही लागो, मार्चमध्ये तो येतोय. तिकीट काढलंय. बोर्डिंग पास मी आधीच मागून ठेवलाय.

ऑफिसात जाऊन सांगितलं की मी निदान वर्षभर इथेच आहे, काम द्या. दिलं.

काल बॅगही उघडली. चांगली कात्री त्यात होती, गेले सहा महिने मी सुरीने पाकिटं फाडत होते.